मदत हवी आहे: ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव चालू असताना ओपनिंगचं नाव दिसावं का?

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचून मग सांगा, शनिवारपर्यंत निर्णय कळवायचाय आणि आमच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता वाद चाललाय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळातला महिला वर्ल्ड कप जिंकला आणि त्याच स्पर्धेत ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या कॉम्प्लेक्समधल्या पोरांना जे वेड लागलंय ते अजून उतरलेलं नाही. आता १४ मुलं दर रविवारी संध्याकाळी आपापल्या घरून ऑनलाइन खेळतात, १५-१५ मिनिटांचे डाव, जोड्या लावायचं आणि पॉइंट मांडायचं काम माझ्याकडे आहे.

मुलं जिथे खेळतात तिथे डाव चालू असतानाच चालींच्या यादीवर ओपनिंगचं, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या पद्धतीचं, नाव येतं. सिसिलियन, कॅरो-कान, इटालियन असं, आणि चाली होत जातात तसं ते नाव बदलत जातं. मला खरं सांगायचं तर यात काही गैर वाटलं नव्हतं, उलट पोरगं जेवताना नावं घेतं म्हणून कौतुकच होतं.

गेल्या महिन्यात नेरुळला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. सकाळी ठाण्याहून नेरुळ लोकल पकडून गेलो. चौथ्या फेरीत समोर एक छोटी मुलगी, ती काळ्याने खेळत होती. नंतर त्याचा स्कोअरशीट बघितला म्हणून चाली नीट सांगू शकते (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव). याने राजापुढचं प्यादं दोन घरं, तिनेही तेच. याने घोडा एफ३, तिने घोडा एफ६. याने ई५ वरचं प्यादं मारलं, तिने घोडा सी६ ला आणला. याने तो घोडा मारला, तिने डी प्याद्याने परत मारलं. मग याने प्यादं ई५ ला ढकललं, तिचा घोडा ई४ ला गेला, याने डी३ करून घोड्यावर हल्ला केला, तिने घोडा तसाच ठेवून उंट सी५ ला आणला. आमच्या साहेबांनी आनंदाने घोडा खाल्ला. उंटाने एफ२ चं प्यादं मारून शह. राजाने उंट मारला की वजीर गेला, आणि राजा ई२ ला सरकला तर दुसरा उंट जी४ ला येऊन परत शह, तेव्हाही वजीर जातोच. वजीर गेला. डाव आठव्या चालीत संपल्यातच जमा होता.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता, ऐरोली गेल्यावर एकदम म्हणाला, "आई, नाव दिसलं असतं ना तर मी तो घोडा खाल्लाच नसता."

मला ते इतकं लागलं! घरी येऊन त्याचे जुने ऑनलाइन डाव काढले. हेच ओपनिंग, स्टॅफर्ड गँबिट नाव आहे त्याचं (गँबिट म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम प्यादं देणं), त्याच्याविरुद्ध सहा वेळा आलं होतं आणि सहाही वेळा त्याने ई५ न ढकलता शांतपणे डी३ केलं होतं. म्हणजे त्याला उत्तर येत होतं, पण ते पटावरच्या मोहऱ्यांना जोडलेलं नव्हतं, स्क्रीनवरच्या त्या दोन शब्दांना जोडलेलं होतं. गँबिट शब्द दिसला की हा सावध होतो, नाही दिसला की नाही.

तेव्हापासून मला वाटतंय की चालू डावात नाव दाखवणं ही मदतच आहे. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत ११.३ मध्ये स्पष्ट आहे की खेळताना कुठलीही टिपणं, माहितीचं साधन किंवा सल्ला वापरायचा नाही. हॉलमध्ये कोणी मागून कानात "स्टॅफर्ड आहे रे" म्हणालं तर आर्बिटर, म्हणजे पंच, त्याला बाहेर काढेल की नाही? आणि नुसतं नाव कळतं असंही नाही. सिसिलियनमध्ये पाचव्या चालीला काळ्याने ए६ केलं की नायडॉर्फ लिहून येतं, जी६ केलं की ड्रॅगन, म्हणजे समोरच्याने काय धरलंय ते आयतं हातात. आणि नाव बदलायचं थांबलं की पुस्तकातल्या चाली संपल्या हेही कळतं, आता समोरचा स्वतःच्या डोक्याने खेळतोय हे कळणं काय कमी आहे?

पण ग्रुपवर दुसरी बाजूही आली आणि ती मला खोडता येत नाहीये. एक बाबा म्हणाले नाव दोघांनाही दिसतं, मग अन्याय कुठे. ते ठीक. पण एका आईने लिहिलं की तिच्या मुलाला क्लास परवडत नाही, त्याला जी काय ओपनिंग्स येतात ती सगळी स्क्रीनवर नाव वाचून आणि मग ते नाव शोधून व्हिडिओ बघून आलीयेत, क्लासच्या मुलांना सर नावं सांगतात, याला कोण सांगणार? हे वाचल्यापासून मी गप्प आहे. तो मुलगा आमच्या लीगमध्ये तिसरा आहे आणि फार मनापासून खेळतो.

तर मदत हवी आहे ती अशी. लहान मुलांच्या लीगमध्ये नाव बंद ठेवायचा नियम करावा का? केला तर ज्याच्याकडे क्लास नाही त्याचं नुकसान कसं टाळायचं? आणि नाव लपवायची काही सोय असते का, मला सेटिंगमध्ये सापडली नाही.

प्रतिसाद १
ताई, मी वाशीत मुलांना शिकवतो. नियम जरूर करा, डाव संपल्यावर नाव दिसलं तर सोन्यासारखं आहे, चालू असताना नको. पण तुमच्या मुलाच्या डावात खरी गोष्ट नावाची नाहीच. त्याला तोच पट परत मांडून द्या आणि विचारा डी फाइलवर, म्हणजे डीच्या उभ्या रांगेत, काय आहे. काळ्याने डी प्याद्याने घोडा मारला तेव्हाच त्याच्या वजिरासमोरची वाट मोकळी झाली, मधे फक्त तुमच्या मुलाचं डी३ चं प्यादं उभं होतं. त्याने त्याच प्याद्याने घोडा खाल्ला म्हणजे स्वतःच दार उघडलं. आता पांढऱ्या वजिराला जोर फक्त राजाचा, आणि उंटाने एफ२ वर शह देऊन राजालाच तिथून ओढून नेला. हे दिसलं की नाव लागत नाही, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या ओपनिंगमध्ये हीच रचना आली तरी दिसेल.
शिवाय नाव फसवतंही. सी४ ने सुरुवात झाली की इंग्लिश लिहून येतं, मग ई६, घोडा सी३, डी५, डी४ झालं की तोच डाव क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड. माझ्याकडची मुलं नाव बघून "इंग्लिशमध्ये हे करायचं" म्हणत बसतात आणि पट कधीच बदललेला असतो.

प्रतिसाद २
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. वय ३८, ऐरोलीत राहतो, कोणी शिकवलं नाही, फोनवर नावं वाचत वाचत शिकलो. एकदा स्क्रीनवर किंग्ज इंडियन डिफेन्स आलं, म्हटलं यात इंडियन काय आहे, शोधलं तर कळलं की १९ व्या शतकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी म्हणून एक बंगाली खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळायचे, आपल्या जुन्या पद्धतीने प्यादी एकेक घर हळूहळू पुढे काढायचे आणि उंट बाजूने आणायचे, त्या डावांवरून हे इंडियन नाव पडलं. अंगावर काटा आला होता. त्या दिवसापासून हा खेळ मला आपला वाटायला लागला. म्हणून सांगतो, त्या क्लास नसलेल्या मुलाकडून ओपनिंगचं नाव काढून घेऊ नका हो. स्पर्धेची तयारी वेगळी आणि ओळख होणं वेगळं.

प्रतिसाद ३
दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं, दिवस वाटून घ्या. लीगचे डाव नावाशिवाय, मधल्या दिवसांचे मैत्रीचे डाव नावासकट. जे डाव दिवसाला एक चाल असे चालतात त्यात ओपनिंगची पुस्तकं बघायची मुभा असतेच, पूर्वी पत्राने खेळायचे तेव्हापासून आहे, फक्त इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, चालत नाही. क्लास नसलेल्या मुलाला तसे एकदोन डाव लावून द्या, नाव शोधत शोधत खेळू दे. ईसीओ या ओपनिंगच्या कोशात ए०० ते ई९९ असे ५०० कोड आहेत, सगळ्यांना एकदम पाठ करायला लावू नका म्हणजे झालं.
लपवायचं म्हणाल तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर झेन मोड आहे, कीबोर्डवर झेड दाबलं की बोर्ड आणि घड्याळ सोडून बाकीचं बरंच जातं. दुसरीकडे खेळत असाल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर त्या जागी कागदाची पट्टी चिकटवा, मी पुतणीसाठी तेच केलंय.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल रात्री प्रतिसाद १ मधलं वाचून पट मांडला आणि लेकाला विचारलं डी फाइलवर काय आहे. तो बराच वेळ बघत राहिला, मग डी३ चं प्यादं उचललं, परत ठेवलं, परत उचललं. म्हणाला, "अगं, हे प्यादंच दरवाजा होतं." नाव त्याने उच्चारलं नाही.

ग्रुपवर आज लिहिलंय की या रविवारपासून डाव चालू असताना नाव झाकायचं आणि डाव संपला की मुलांनी आधी ओपनिंग ओळखून वहीत लिहायचं, मग पट्टी काढून बघायचं. वही सगळ्यांना मी देणार. ज्या मुलाबद्दल लिहिलं होतं त्याच्या आईला वेगळा फोन केला, मधल्या वारी तो आणि माझा लेक नावासकट दोन डाव खेळतील आणि जे नाव येईल ते दोघं मिळून शोधतील असं ठरलंय, आणि डिफेन्सच्या नावामागची ती बंगाली बाबूंची गोष्ट मी दोघांना सांगणार आहे.

एकच अडचण उरलीय. १४ पैकी पाच मुलं फोनवर खेळतात, तिथे पट्टी चिकटवली की खालची बटणंही झाकली जातात आणि बोट लागून पट्टी सुटते. फोनवर कोणी काही केलं असेल तर शनिवारच्या आत सांगा प्लीज.