सल्ला हवा: दहा हजारांच्या आत, लोकलमध्ये मराठी वाचायला ई-रीडर

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मंडळी,

रोज डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, म्हणजे अडीच-तीन तास गाडीतच जातात. चौथी सीट मिळाली तरी एक हात दांडीला असतो, त्यामुळे चारशे पानी पुस्तक धरणं होत नाही. मोबाइलवर वाचून बघितलं. डोळे चुरचुरतात ते एक वेळ चालवून घेईन, पण ऐन रंगात आलं की ऑफिसचा ग्रुप पानावर येऊन आदळतो. म्हणून ई-रीडर घ्यायचं ठरवलंय. बजेट दहा, ताणून अकरा हजार. ॲमेझॉनच्या किंडल रीडरांतला नवा पेपरव्हाइट सतरा हजारांच्या आसपास दिसला, तो विषय तिथेच संपला.

सत्तर टक्के वाचन मराठी. ई साहित्य प्रतिष्ठान आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरून उतरवलेल्या शंभरेक पीडीएफ आहेत, थोडे स्कॅन केलेले दिवाळी अंक, आणि बुकगंगावर घेतलेली वीसेक ई-पुस्तकं. हे सगळं एकाच यंत्रावर चालेल असं काही आहे का? मराठी अक्षर नीट दिसतं का? वापरणाऱ्यांनीच सांगा, जाहिराती मीही वाचल्यात.

शाईचा_डाग

ताई, प्रश्न उलटा करा. कुठलं यंत्र घेऊ ते नंतर, आधी माझी पुस्तकं येतात कुठून ते बघा. तुमचे तीन गठ्ठे आहेत आणि तिघांची गत वेगळी.

बुकगंगाची पुस्तकं बाजूला ठेवा. ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाहीत आणि कोबो नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या रीडरवरही नाहीत. ॲप टाकता येईल असा ई-इंकवाला, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा, रीडर हवा असेल तर ऑनिक्स बूक्ससारखं अँड्रॉइडवालं यंत्र लागतं, ते तुमच्या बजेटात नवं बसणार नाही. ती वीस पुस्तकं मोबाइलवरच राहू द्या.

विकत घेऊन वाचायची मराठी पुस्तकं हवी असतील तर किंडलचं दुकान बरं. डिसेंबर २०१६ पासून तिथे मराठी अधिकृतपणे आहे. एक मात्र लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय त्यांनी काढून टाकली. पुस्तक आपलं म्हणायचं, पण किल्ली त्यांच्याकडे. मला हे खटकतं, तरी मी वापरतो.

आता अक्षर. इंचाला किती ठिपके हा एकच आकडा बघा आणि ३०० च्या खाली जाऊ नका. २०१९ चा साधा किंडल १६७ चा होता. इंग्रजीला तेवढं पुरतं, आपल्याला पुरत नाही. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार आणि मधे तीन मजली जोडाक्षर. माझ्याकडे तोच होता. 'उद्ध्वस्त' शब्दात द आणि ध एकमेकांत असे मिसळायचे की शब्द ओळखीनेच वाचायचो. ३०० च्या पडद्यावर तोच शब्द छापल्यासारखा सुटा दिसतो. २०१५ नंतरचे सगळे पेपरव्हाइट आणि २०२२ पासूनचे साधे किंडल ३०० चे आहेत.

पीडीएफबद्दल रात्री लिहितो, आता जेवायला हाक आली.

कट्टेकरी

दहा हजारांत चांगला टॅब येतो की. सगळी ॲप्स चालतील, रंगीत दिवाळी अंकही. उगाच कशाला काळं-पांढरं डबडं?

शाईचा_डाग

कट्टेकरी, टॅबवर तोच ऑफिसचा ग्रुप येऊन आदळणार ना! शिवाय सकाळी खिडकीतून ऊन आलं की टॅबच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. ई-इंकमध्ये खरोखरचे काळे-पांढरे कण असतात, विजेच्या झटक्याने ते वरखाली होतात आणि मग तिथेच बसतात. ऊन जितकं जास्त तितकं पान स्वच्छ. वीज लागते ती पान उलटताना आणि दिव्याला, म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं.

पीडीएफ. सहा इंची पडदा म्हणजे साधारण ९ सेंमी रुंद, १२ सेंमी उंच. नेहमीच्या डेमी पुस्तकाचं पान १४ सेंमी रुंद. उभं धरलंत तर अक्षर छापलेल्याच्या पाऊणपटही दिसत नाही. आडवं धरलंत तर १४ चे १२ होतात, आणि समास कापून टाकलेत तर जवळजवळ मूळ आकार. फक्त एक पान दोन-तीन हिश्श्यांत वाचावं लागतं. सवय होते. दिवाळी अंकाचा नाद मात्र सोडा. १८ सेंमी रुंद पान, त्यात दोन रकाने. सहा इंचावर तो नुसता छळ आहे.

जुना_डीटीपीवाला

पीडीएफवरून आठवलं, कोणीतरी 'कॅलिबरमध्ये टाकून ईपब करा' सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. कॅलिबर हे ई-पुस्तकांचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर, आणि ईपब म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी फाइल. कॅलिबर उत्तम आहे आणि फुकट आहे, पण मराठी पीडीएफला बहुधा उपयोग नाही. आम्ही वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या फॉन्टांत पुस्तकं लावली. त्या पीडीएफमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण आत इंग्रजी अक्षराचा नाहीतर कुठल्या चिन्हाचा क्रमांक बसलेला असतो. ईपब केलं की सगळा कचरा बाहेर येतो. तपासायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर नशीबवान, नाही तर समजून घ्या की आमच्यासारख्याच कुणाचा हात लागलाय.

अशांसाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते अक्षर ओळखायच्या भानगडीत पडत नाही. पानावरच्या शब्दांची चित्रं कापतं आणि छोट्या पडद्याच्या रुंदीत नव्याने ओळी लावतं. लिपी कुठली, फॉन्ट कुठला, काही फरक पडत नाही. स्कॅन वाकडा असेल तर मधूनच एखादी वेलांटी वरच्या ओळीत जाऊन बसते, तेवढं सोसावं.

आणि मराठी विकिस्रोतावर पुस्तकं थेट ईपबमध्ये उतरवता येतात. तिथला मजकूर युनिकोड आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करा.

बर्फातला_कोकणी

टोरांटोहून. मी कोबो क्लारा वापरतो. इथल्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं थेट त्याच्यावर येतात, म्हणून इथे कोबोच सोयीचा. मराठीसाठी थोडा खटाटोप करावा लागला. यंत्रात फॉन्ट्सचा फोल्डर करून त्यात मुक्ता आणि आयआयटी मुंबईचा शोभिका टाकला, आणि वाचायला केओरीडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं. आता 'तऱ्हा'तला ऱ्ह अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखा येतो. केओरीडरमध्ये पीडीएफचे समासही कापता येतात. कुणी नातेवाईक येणार असेल तर मागवा, पण बिघडलं तर तिथे दुरुस्तीचं काय ते आधी विचारून ठेवा.

पिशवीत_डबा

घ्याल ते घ्या, पण कडक पाठीचं कव्हर त्याच दिवशी घ्या. माझा रीडर बॅगेत स्टीलच्या डब्याला टेकून होता, दादर चढताना गर्दीत दाबला गेला. वर ओरखडासुद्धा नाही. उघडला तर वरचं अर्धं पान जिथल्या तिथे गोठलेलं, खाली नुसत्या रेघा. आतला पडदा काचेचा असतो हे तेव्हा कळलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या पैशांत दुसरा जुना आला असता. त्या गोठलेल्या पानावर कोण खून करतं ते यायचं होतं.

डोंबिवली_फास्ट

पिशवीत_डबा, हसू आलं म्हणून माफ करा! मीही डबा त्याच बॅगेत नेते.

सगळ्यांचं वाचून नोटपॅडची परीक्षा घेतली. दहा पीडीएफ तपासल्या, सहा मराठीत आल्या, चारांत कचरा. हे बरं निघालं. आता २०१८ चा पेपरव्हाइट साडेपाच हजारांत ठाण्यात कुणी विकतंय. घ्यावा का? बघायला गेले तर काय तपासू?

शाईचा_डाग

त्या किमतीत घ्या. पडदा ३०० चा, पाणी उडालं तरी चालतं. पिवळसर उजेड नाही आणि चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं बारीक आहे, घरातली जुनी वायर फेकली नसेल तर बरं. अंधाऱ्या जागी दिवा पूर्ण लावून कडांना डाग दिसतात का बघा. मागच्या पानाची पुसट सावली राहते, ती बिघाड नव्हे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याला तुमच्यासमोर यंत्रावरून त्याचं ॲमेझॉनचं खातं काढून टाकायला लावा आणि तिथेच तुमचं जोडून बघा. खातं जोडलं गेलं नाही तर पैसे देऊ नका, मग तो कितीही भला वाटो.

डोंबिवली_फास्ट

घेतला. पाच हजारांत दिला. विकणारे काका निवृत्त शिक्षक, खातं काढून टाकताना पासवर्ड आठवेना म्हणून मुलाला पुण्याला फोन, तोवर काकूंनी चहा केला. मी 'उद्ध्वस्त', 'कर्तृत्व' आणि 'वाङ्मय' असलेली पीडीएफ मोबाइलमध्ये नेली होती, खातं जोडून तीच आधी पाठवली. काकांनी चष्मा लावून तिन्ही शब्द वाचले, मग मला विचारलं, तुम्ही पण शिक्षिका का?

आज परतीच्या गाडीत मुंब्र्यापर्यंत एकदाही मान वर केली नाही. कव्हर उद्या येतंय. तोवर डबा हातात.