पॉपस्टारची डॉक्युमेंटरी आणि ‘अचानक’ आलेलं रडू

काल एका पॉपस्टारची डॉक्युमेंटरी बघितली. विसाव्या मिनिटाला बाई गाडीत एकट्या रडतात. एकट्या! डॅशबोर्डवर कॅमेरा, फोकस थेट डोळ्यावर. जुन्या लग्नाच्या कॅसेटी आठवल्या. पाठवणीला नवरी रडली नाही तर व्हिडिओवाला म्हणायचा, ‘परत एकदा आईच्या गळ्यात पडा, लाइट गेलेली.’ असल्या फिल्मांत तुम्हाला कुठं कुठं शिवण दिसते? लिहा.

निपाणी साउंड
तोंड बघू नका, आवाज ऐका. धावत्या गाडीत एसी, टायर, हॉर्न सगळं येतं. तरी हुंदका स्वच्छ आला म्हणजे कॉलर माइक आधीच लावलाय. हनुवटीखाली वीतभर, कपड्याच्या आतून, टेपनं. टेप सैल असली की कापड घासून खरखर येते. इथं खरखर नाही, म्हणजे कुणीतरी निवांत बसून लावलाय. रडायच्या आधी.

खानापूरची
काय सांगूलालास! आधी माइक, मग दुःख 😂

टिळकवाडी ताई
स्टेजवरचं तरी खरं असतंय काय ओ?

निपाणी साउंड
होय की, पण इस्त्री केलेलं. गर्दीचा माइक स्टेजपासून 34 मीटरवर असला तर आवाज तिथं एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. तसाच मिसळला की गाणं विहिरीत म्हटल्यागत वाटतं. म्हणून तो ट्रॅक तेवढाच अलीकडं ओढायचा. गर्दीचा चॅनल वेगळाच असतो, त्यामुळं बाईंनी हात वर केला की ओरडा वाढवता येतो. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ठेका धरून ठेवणारी टिकटिक, वाजत असली की दोन रात्रींचं वाजवणं एकमेकांवर बरोबर बसतं.

शहापूर एडिट
ह्याचा नमुना बियॉन्सेची ‘होमकमिंग’. 2018 ला अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात 14 आणि 21 एप्रिल, दोन शनिवार. एकदा सगळी पिवळ्या कपड्यांत, एकदा गुलाबी. फिल्ममध्ये एका ठेक्यात पिवळ्याची गुलाबी होते आणि ताल हलत नाही. तिनं जोड लपवला नाही, उलट मिरवला, म्हणून माफ. बाकीचे कपडे तेच ठेवतात. तिथं वेणी कुठल्या खांद्यावर, बाटलीत पाणी किती आणि मागच्या भिंतीवर घड्याळ असेल तर ते बघायचं.

चिकोडी मावशी
मालिकेत पण पदर ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर जातोय. आम्ही फुकट बघतो म्हणून गप्प. कुणाला दूध आटवून करतात तो बेळगावी कुंदा येतो काय? माझा कडू झाला.

शहापूर एडिट
मावशी, साखर जास्त जळली. जळकी साखर थोडीच घालायची, मधासारखी तांबूस झाली की लगेच उतरायची. धूर आला की गेली.

खानापूरची
1 लिटर म्हशीचं दूध निम्मं आटवा, मग दोन चमचे आंबट दही. फुटलं की ढवळणं थांबवू नका, बुडाला लागतंय. साखर शेवटी. आणि ‘गाणं पाच मिनिटांत सुचलं’ हा सीन विसरू नका कुणी!

निपाणी साउंड
सुचलं असेल. पण गायचे दहा-बारा टेक, त्यातला एकेक शब्द निवडून एक ओळ जोडतात. वर सूर सरळ करायला ऑटोट्यून आहेच, 1997 पासून. ‘आ’ मध्येच पायरी चढल्यागत तुटला की समजायचं, सेटिंग फार जोरात आहे. ती फोड मुद्दाम ठेवली तर स्टाइल, चुकून राहिली तर बोंब.

टिळकवाडी ताई
मी सरळ शेवटची पाटी बघते. ‘होमकमिंग’ची दिग्दर्शक खुद्द बियॉन्सेच. स्वतःच्या लग्नाचा अल्बम स्वतःच निवडल्यावर वाईट फोटो राहतो काय? उलट गायिका एमी वाइनहाउसवरच्या 2015 च्या ‘एमी’ डॉक्युमेंटरीवर तिचे वडीलच भडकले होते. तिथं थोडं बसून बघावंसं वाटतंय.

चिकोडी मावशी
दुसरी कढई चढवली. ह्या खेपेला मधाचा रंग आला.

धागा काढणारा परत आलोय. तो गाडीतला सीन पुन्हा लावला. पहिल्या शॉटला सीटबेल्ट आहे, पुढच्या हुंदक्याला नाही, डोळे पुसताना परत आहे.

खानापूरची
आणि मधल्या हुंदक्याचा दंड?