आवडत्या विनोदी मालिका आणि मालिकालेखनात प्रवेश

वाचनवेडी (लातूर)

नमस्कार. महाविद्यालयात असल्यापासून मी एकांकिका लिहिते आणि अलीकडे जे काही लिहिते त्यात विनोदच अधिक येतो. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांसाठी लिहावे अशी मनापासून इच्छा आहे. परंतु त्या क्षेत्रात माझ्या ओळखीचे कोणीही नाही.

माझी आवड कळावी म्हणून आधी दोन मालिकांविषयी सांगते. पहिली अर्थातच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2001 साली सुरू झाली, तेव्हा मी फार लहान होते; नंतर मात्र ती पुनःपुन्हा पाहिली. त्या घरात विनोद करायचा म्हणून कोणीच बोलत नाही. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या हे पाचही जण आपापल्या दृष्टीने अत्यंत गंभीरपणे काहीतरी करत असतात आणि एकाचे गांभीर्य दुसऱ्याच्या गांभीर्यावर आदळले की हसू येते. दुसरी मालिका ‘साराभाई वर्सेस साराभाई’. आतिश कपाडिया यांनी लिहिलेली माया ही सुनेला टोमणे मारणारी सासू आहे, म्हणजे पात्र तसे जुनेच. पण तिचे टोमणे अभिरुचीच्या अभिमानातून येतात, त्यामुळे दैनंदिन मालिकांतल्या सासवांशी तिचे काहीही नाते उरत नाही.

आता प्रश्न. नमुना म्हणून चालू असलेल्या एखाद्या मालिकेचा भाग लिहून दाखवावा की स्वतःची नवी मालिका? मुंबईला येऊन राहिल्याशिवाय हे काम मिळत नाही असे म्हणतात, ते कितपत खरे आहे? आणि संहिता कोणाला पाठवल्यावर ती आपलीच राहील याची खात्री कशी करावी?

पडद्यामागे

मी मराठी मालिकांसाठी संवादलेखन करतो, त्यामुळे कामाची पद्धत आतून पाहिलेली आहे, तिथूनच सुरुवात करतो. मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये वेगळी दिसतात आणि बहुधा ती तीन वेगळ्या माणसांची असतात. कथालेखक वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमबरोबर बसून पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथानक कसे पुढे जाणार ते, ठरवतो, पटकथाकार त्याचे भाग आणि भागांचे सीन पाडतो, आणि संवादलेखकाच्या हाती सीनची वन-लाइन, म्हणजे सीनमध्ये काय घडते याचा थोडक्यात सारांश येतो, ज्याच्यावरून त्याला दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणासाठी पाने द्यायची असतात. नवोदिताला प्रवेश मिळतो तो बहुधा या शेवटच्या पायरीवर, किंवा एखाद्या अनुभवी लेखकाचा सहायक म्हणून. ‘माझ्याकडे मालिकेची कल्पना आहे’ असे सांगत येणाऱ्यांना निर्मितीसंस्थेत फारसे कोणी वेळ देत नाही. उलट ‘उद्या सकाळपर्यंत तीन सीन देऊ शकते’ असे म्हणून खरोखर देणाऱ्या व्यक्तीचा फोन नंबर सगळ्यांकडे असतो.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे 22 मिनिटे हाती राहतात आणि पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे. साप्ताहिक मालिकेच्या लेखकाला त्या 22 पानांसाठी आठवडा मिळतो, दैनंदिन मालिकेच्या लेखकाला तेवढी पाने जवळपास रोज द्यावी लागतात. आपल्या आवडीच्या दोन्ही मालिका साप्ताहिक होत्या, हा योगायोग नव्हे. पात्रांची टक्कर घडवायला प्रसंग नीट बांधावा लागतो; रोजच्या रेट्यात तो बांधायला सवड मिळत नाही, मग संवादांतल्या कोट्यांवर वेळ मारून न्यावी लागते. म्हणून या क्षेत्रात येताना आपल्याला कोणत्या स्वरूपाचे काम करायचे आहे याचा विचार आधीच करून ठेवावा.

नमुन्याविषयी माझे मत ठाम आहे: स्वतःची मालिका कल्पावी, पण तिचा पहिला भाग लिहू नये, सहावा लिहावा. पहिल्या भागात पात्रांची ओळख करून देण्यातच पाने सरतात आणि नवेपणामुळे ती वाचनीयही वाटतात. सहाव्या भागात ओळखीची सोय नसते. तिथे पात्रे आपापल्या स्वभावाने वागूनच प्रसंग उभा राहिला पाहिजे आणि मालिका शंभर भाग चालेल की सहा, हे वाचणाऱ्याला त्या 22 पानांत कळते. सोबत दोन पानांची संकल्पना द्यावी, त्याहून मोठी नको. चालू मालिकेचा भाग लिहिणे सराव म्हणून उत्तम, पण त्या मालिकेची माणसे तो सहसा वाचत नाहीत, कारण पुढे एखादा प्रसंग योगायोगाने जुळला तर वाद उद्भवू शकतो.

मुंबईविषयी म्हणाल, तर आज कथेच्या बैठका व्हिडिओ कॉलवरही होतात आणि चित्रीकरणेही कोल्हापूर, सातारा, नाशिक अशा ठिकाणी होतात. तरीही सुरुवातीचे वर्षभर मुंबई-ठाण्याजवळ राहता आले तर राहावे. नटाच्या तोंडी वाक्य बसत नाही म्हणून सेटवर उभ्याउभ्या ते बदलावे लागते, ते शिक्षण दुरून मिळत नाही. मात्र मानधन बहुधा भाग प्रक्षेपित झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी हाती येते, तेव्हा तेवढ्या काळाची तजवीज असल्याखेरीज नोकरी सोडू नये.

नाट्यवेडा

‘पडद्यामागे’ यांचे मालिकांविषयीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु आज मराठी दूरचित्रवाणीवर विनोदी लेखकांना सर्वाधिक काम देणारे स्वरूप मालिकेचे नसून प्रहसनांचे आहे. झी मराठीवर 2014 ते 2024 अशी दहा वर्षे ‘चला हवा येऊ द्या’ चालले, सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून आहे, आणि अशा कार्यक्रमांना दर आठवड्याला नवी प्रहसने लागतात. हास्यजत्रेमागचे सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी हे दोघे तर लेखन-दिग्दर्शनाची जोडी म्हणूनच ओळखले जातात. समीर चौघुले किंवा प्रसाद खांडेकर यांच्याकडे पाहा: ते स्वतः लिहितात आणि स्वतः रंगमंचावर उभे राहतात. आपल्याकडे विनोदी लेखकाची वाट फार पूर्वीपासून तालमीच्या खोलीतूनच जाते.

म्हणून माझा सल्ला असा, की संहिता ईमेलने पाठवत बसण्यापेक्षा लातूरमध्येच चार-पाच जणांचा संच उभा करावा आणि तीन पात्रांची, एका जागी घडणारी, दहा मिनिटांची प्रहसने लिहून ती लोकांसमोर करावीत. पुरुषोत्तम करंडक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असतो, त्यामुळे ते दार आपल्यासाठी कदाचित बंद झाले असेल; पण राज्यात खुल्या एकांकिका स्पर्धा पुष्कळ आहेत. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेला म्हणजे 25 जानेवारीच्या त्या रात्रीला प्रेक्षकांत बसलेली माणसे पाहिली, तर मालिकांमध्ये काम करणारे अनेक चेहरे तिथे दिसतील. तिथवर पोहोचलेल्या एकांकिकेच्या लेखकाला कोणाकडे ओळख मागायला जावे लागत नाही.

तालमीचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. कागदावर पंच, म्हणजे हशा आणणारे वाक्य, कुठे आहे हे लेखकाला माहीत असते, पण प्रेक्षक बहुतेक वेळा त्याच्या एक वाक्य आधीच हसतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना पात्राच्या चेहऱ्यावरून कळलेले असते. मग ते पुढचे वाक्य काढून टाकावे लागते, मग ते कितीही लाडके असो. ही कापाकापी आठ-दहा प्रयोगांत अंगवळणी पडते आणि ज्याला ती जमली त्याच्या संहितेतील सैलपणा आपोआप जातो.

आणखी एक विनंती. आपण लातूरच्या आहात, तर आपल्याकडची बोली लिहा, पण ती हसण्याचा विषय करू नका. ‘काय करूलालाव?’ असे विचारणारे पात्र आले की त्याला अडाणी ठरवून मोकळे होण्याची खोड आपल्या विनोदी कार्यक्रमांना लागलेली आहे आणि तिचा मला मनस्वी राग येतो. त्या बोलीत बोलणारी हुशार, लबाड, प्रेमळ, तिरसट, अशी सगळ्या तऱ्हेची माणसे पडद्यावर यायला हवीत, आणि ती आपल्यासारख्यांनीच आणायला हवीत.

जुना प्रेक्षक

लेखनाच्या व्यवसायाशी माझा संबंध नाही, पण मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हापासूनचा मी प्रेक्षक आहे, म्हणून एक निरीक्षण मांडतो. ज्या विनोदी मालिका लोकांच्या मनात टिकल्या, त्यांपैकी कित्येकींचे मूळ छापील मजकुरात आहे. दूरदर्शनवरचे ‘चिमणराव’ चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून आले आणि दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ हे पुस्तकातल्या त्या पात्रांचे कायमचे चेहरे झाले. टिपरे कुटुंबही प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनातून पडद्यावर आले. हिंदीत 1984 साली ‘ये जो है जिंदगी’ आले ते व्यंग्यलेखक शरद जोशी यांच्या लेखणीतून. ‘वागले की दुनिया’च्या मुळाशी आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस होता. आणि 2008 पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’चे बीज गुजराती ‘चित्रलेखा’तल्या तारक मेहता यांच्या सदरात आहे.

यामागचे कारण मला असे वाटते. सदर लिहिणारा लेखक तेच घर, तीच माणसे घेऊन वर्षानुवर्षे आठवड्यामागून आठवडे लिहितो. शेजारी, पगार, पाहुणे, मुलांच्या परीक्षा असे तेच ते विषय फिरून येतात आणि तरी प्रत्येक वेळी त्याला नवे काही शोधावे लागते. मालिकेच्या लेखकाला करावे लागते ते याहून निराळे नाही. शिवाय अशा लेखनात पात्राचा स्वभाव कृतीतून आणि त्याच्या विचार करण्याच्या ढंगातून उभा करावा लागतो, कारण लेखकाच्या मदतीला हावभाव करणारा नट नसतो. सहावा भाग लिहा या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण त्याआधी त्याच कुटुंबावर वीस-पंचवीस छोटे गद्य लेख लिहून एखाद्या स्थानिक वृत्तपत्राच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकांत द्यावेत असे सुचवतो. ते लेखन आपल्या नावाने छापलेले राहते, आणि त्याला वाचक मिळाला तर निर्मातेही तिकडे वळतात.

प्रहसनांविषयी मात्र माझे मत ‘नाट्यवेडा’ यांच्यापेक्षा वेगळे आहे. त्यांत नटाची चमक दिसते आणि मीही ती आनंदाने पाहतो, पण पात्रे दहा मिनिटांत येतात आणि जातात. टिपऱ्यांच्या घरी आपण चार वर्षे राहिलो. मराठीत तशी साप्ताहिक कौटुंबिक विनोदी मालिका पुन्हा यावी, ती आपल्यासारख्या कोणीतरी लिहावी, आणि वाहिन्यांनी तिला धीराने वेळ द्यावा अशी माझी फार इच्छा आहे. ‘साराभाई’ला पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी प्रेक्षक बेताचाच मिळाला होता, पण आज तिचे संवाद तोंडपाठ असलेली एक अख्खी पिढी आहे.

हक्क आणि करार

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. कल्पनेवर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालात हे स्पष्ट केले आहे: तिथे नाटककाराने आपल्या नाटकावरून चित्रपट बेतल्याचा दावा केला होता, पण विषय समान असला तरी मांडणी भिन्न आहे म्हणून तो फेटाळला गेला. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘एका घरात तीन पिढ्या’ एवढेच कोणाला सांगितले तर ते कोणाचेही होऊ शकते. पात्रे, त्यांचे संबंध, भागांची रूपरेषा आणि संवाद जितके तपशीलवार कागदावर असतील तितका आपला हक्क भक्कम.

कायद्याने हक्क मिळण्यासाठी नोंदणी आवश्यक नसते, ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासदत्व घेतले की संहिता ऑनलाइन नोंदवता येते, त्यासाठी लातूर सोडावे लागत नाही, आणि नवोदितांसाठीही सभासदत्वाचा वेगळा प्रकार आहे. मानधन थकले किंवा श्रेय नाकारले गेले तर संघटनेची तंटा निवारण समिती सभासदांची तक्रार ऐकते. संहिता पाठवताना ईमेलनेच पाठवावी, म्हणजे तारीख राहते. प्रत्यक्ष भेटीत कथा ऐकवली असेल तर त्याच संध्याकाळी ‘आज आपल्याला अमुक संकल्पना ऐकवली’ असा दोन ओळींचा ईमेल करावा.

करार हाती आला की मानधनाच्या आकड्याआधी श्रेयाचे कलम वाचावे: पडद्यावर नाव कोणत्या शब्दांत येणार, आणि काम मध्येच काढून घेतले तर लिहिलेल्या भागांवर नाव राहणार की नाही. स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकाला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा करारानेही सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांना किंवा स्वामित्वहक्क संस्थेलाच देता येतो. तरीही तशी कलमे अजून करारांत आढळतात, तेव्हा सही करण्यापूर्वी मसुदा जाणकाराला दाखवावा.

वाचनवेडी (लातूर)

सर्वांची अत्यंत आभारी आहे. लिहून ठेवलेल्या दोन एकांकिकांतले एक कुटुंब मला मालिकेसाठी योग्य वाटते: बसस्थानकासमोर खानावळ चालवणाऱ्या तीन बहिणींचे. त्यांच्यावर आधी गद्य लेख लिहायला घेते. ‘पडद्यामागे’ यांना एकच विचारायचे आहे, सहावा भाग लिहिताना आधीचे पाच भाग प्रत्यक्ष लिहावेत का?

पडद्यामागे

लिहू नयेत. प्रत्येक भागाची चार-पाच ओळींची वन-लाइन मात्र करावी आणि ती संकल्पनेला जोडावी. त्याआधी तिन्ही बहिणींसाठी एकेक वाक्य लिहून पाहावे: हिला काय हवे आहे आणि बाकीच्या दोघींमुळे ते तिला कसे मिळत नाही. एखादीचे वाक्य जमत नसेल, तर ती बहीण बदलावी किंवा गाळावी. संवाद लिहायला बसण्याची वेळ त्यानंतरची. खानावळीची जागा चांगली निवडली आहे, सेट एकच लागतो आणि दर भागात नवे गिऱ्हाईक आत येऊ शकते. निर्माता खर्चाच्या दृष्टीने हेच पहिल्यांदा पाहील, म्हणून संकल्पनेच्या पहिल्याच परिच्छेदात ते नोंदवावे.