'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' तालवाद्यांवर: ढोल कुठे, तबला कुठे?

गोदाकाठ:
रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची ही रचना नाशिकच्या आमच्या 8 जणांच्या गटासाठी बसवतोय. मरिंबा (लाकडी पट्ट्यांचा, 4.3 सप्तकांचा), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचा, पेडलवाला), ग्लॉकेनस्पील (छोट्या पट्ट्यांचं, किणकिणतं), तबला, 2 ढोल, 1 ताशा आहे. भाग चारच: 'प्रोमेनाड', 'बिडलो' (बैलगाडी), 'कॅटाकोंब' (भुयारी दफनभूमी) आणि शेवटचं 'कीव्हचं महाद्वार'. फ्रेंच संगीतकार रावेलने केलेल्या वाद्यवृंद-रूपावरून उतरवायचं की पियानोवरून? बंद सभागृहात ढोल पेलेल का?

तिहाई:
पियानोवरूनच. चित्रकार-वास्तुकार मित्र हार्टमानची चित्रं पाहून 1874 मध्ये मुसोर्गस्कीने ते पियानोसाठीच लिहिलं. रावेलचं रूप 1922 चं, त्याचा सगळा डौल लांब धरलेल्या स्वरांवर. तो काठ्यांवर उतरत नाही.

'बिडलो'मधली बैलगाडी हस्तलिखितात पहिल्या ठोक्यापासून दणक्यात येते. लांबून हळूहळू जवळ येणं ही संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने संपादित केलेल्या आवृत्तीतली दुरुस्ती, रावेलने तीच उचलली. हाताशी ढोल असताना मूळच वाजवा. डावा हात मात्र फार खाली आहे. तुमचा मरिंबा त्याआधीच संपतो, आणि खालच्या पट्ट्यांवर दाट स्वरसमूह गढूळ वाजतात. ते एक सप्तक वर घ्या, दोनच स्वर ठेवा, खालचं वजन ढोलावर सोडा.

काळीपाच:
ढोल एकच, पानावर जाड कापड, टिपरूऐवजी नमद्याची काठी. ताशा फक्त 'महाद्वारा'च्या अखेरीस. आधी आणलात तर ग्लॉकेनस्पील बुडालंच.

तबला काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावा. 'प्रोमेनाड'चा तो षड्ज, आणि 'महाद्वार' काळी दोनमध्ये असल्याने तिथे तोच पंचम. मध्ये हातोडी लागत नाही. 'प्रोमेनाड'ची मापं 5 आणि 6 मात्रांची आलटूनपालटून येतात म्हणून 11 चा ठेका धरायचा मोह होईल. धरू नका. पुढे 6 चीच मापं लागोपाठ येतात आणि सम भलतीकडे पडते. मापाच्या पहिल्या मात्रेवर चाटेचा (तबल्याच्या काठावरचा) एक बोल पुरे.

गोदाकाठ:
'कॅटाकोंब'चे लांब स्वरसमूह कसे धरायचे? मरिंबावर रोल (काठ्या भरभर आपटून स्वर लांबवणं) कोरडा वाटतो.

तिहाई:
हळू आवाजाचे स्वरसमूह व्हायब्राफोनवर व्हायोलिनसारख्या गजाने. स्वर थरथरवणारी मोटर बंद, पेडल दाबलेलं. एका गजाला एकच पट्टी, म्हणून चार स्वरांना दोन जण, चार गज. राळ भरपूर लावा. कमी पडली की गज नुसता घसरतो. स्वर उशिरा उमटतो, तेव्हा ओढ ठोक्याच्या किंचित आधी सुरू व्हायला हवी. जोराचे स्वरसमूह मऊ काठ्यांनी मरिंबावर, तिथे रोल शोभतो.

'महाद्वारा'ला देवळातली घंटा आणू नका. हार्टमानच्या आराखड्यात घंटाघर आहे, आणि नारोशंकराच्या घंटेची आठवण नाशिककराला होणारच, पण घंटेचे वरचे स्वर काळी दोनशी भांडतात. त्या स्वराची एक नळीघंटा भाड्याने मिळाली तर तीच घ्या.