इंग्रजीच्या तासाला खेळ आणि गटचर्चा: यातून इंग्रजी खरंच येतं का?

शेवटचा_बाक: आमच्या इंग्रजीच्या तासाला हल्ली फळा जवळपास कोराच असतो. जोड्या करा, गटात बसा, डॉक्टर-पेशंट व्हा. मजा येते, नाही म्हणत नाही. पण वहीत काही उतरत नाही आणि परीक्षा तर लेखीच! चौघांच्या गटात एक जण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. बाईंची पाठ वळली की सगळे मातृभाषेवर. मला आधी व्याकरण पक्कं करून घेणारा तास बरा वाटतो. तुमचं काय मत?

बोलघेवडी: साफ असहमत. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारे कितीतरी जण समोर माणूस आला की गप्प होतात. भाषाअभ्यासक डेल हाइम्स यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की वाक्य शुद्ध असून भागत नाही; कुठे, कोणाशी, कसं बोलायचं हेही यावं लागतं. 'गिव्ह मी वॉटर' यात चूक एकही नाही. अनोळखी माणसाला म्हणून बघ!

शेवटचा_बाक: आणि चुका कोण सुधारणार? गटात मीही चुकतो, समोरचाही. 'ही डोन्ट नो' आमच्या गटात आता मुरलंय.

मौनीबाबा: माझं दुखणं वेगळंच. बोलायला लावलं की भीती जाते, हे सगळे गृहीतच धरतात. परभाषेच्या वर्गातली धास्ती मोजायला हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची प्रश्नावली केली, ती काय उगाच? एकदम उभं करून 'बोल' म्हटलं की येत असलेलंही विसरतो. आधी जरा विचार करू दिला, शेजाऱ्याशी बोलू दिलं, की वर्गापुढे जमतं. फ्रँक लायमन यांची 'थिंक-पेअर-शेअर' पद्धत म्हणजे हेच.

दोन_चित्रं: पाठ करून म्हटलेला डॉक्टर-पेशंट संवाद म्हणजे उभ्याने केलेलं पाठांतर, त्याला परस्परसंवाद कशाला म्हणायचं? त्यापेक्षा दोघांना जवळपास सारखी दोन चित्रं द्या आणि एकमेकांना न दाखवता फरक शोधायला सांगा. बोलल्यावाचून गत्यंतरच नाही. 'जिगसॉ' या गटात शिकायच्या पद्धतीतही प्रत्येकाकडे मजकुराचा एकच तुकडा असतो, त्यामुळे नुसत्या माना डोलावून चालत नाही. (एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ती काढली ती वर्गातलं वैर कमी करायला, भाषेसाठी नव्हे. पण इथेही चपखल बसते.)

शेवटचा_बाक: चित्रांचं पटलं. पण बोलण्याला गुण नाहीत तोवर वर्ग हे मनावर घेणार नाही.

बोलघेवडी: परीक्षा अर्धवट म्हणून तासही अर्धवट ठेवायचा? शेवटची दहा मिनिटं बाईंनी कानावर पडलेल्या चुका, कोणाचं नाव न घेता, फळ्यावर घ्याव्यात. झालं की तुझं व्याकरण!

शेवटचा_बाक: दहा मिनिटांत काय होतंय? निम्मा तास द्या, आणि वहीत उतरवून घ्या. मग मी डॉक्टरही होतो आणि पेशंटही.