दहशतवादी त्याच देशात जन्मलेला असेल तर सीमा बंद करून काय होणार?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. घरच्या ग्रुपवर यावर बोलायची सोय उरली नाही म्हणून इथे टाकतोय. माझी ताई आणि भावोजी इंग्लंडात स्विंडनला असतात, ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट करून गेलेले, आता सेटल्ड स्टेटस म्हणजे कायम राहायचा हक्क आहे. गोव्यात वाड्यावाड्यातून कोण ना कोण तिकडे आहेच त्यामुळे जास्त सांगायला नको. २०२४ च्या जुलैत साऊथपोर्टला डान्स क्लासमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला आणि काही तासांत नेटवर पसरलं की मारणारा बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे. तो निघाला कार्डिफमध्ये जन्मलेला. पण तोवर लोक रस्त्यावर उतरलेले, रॉदरहॅमला आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलला आग लावायला गेले, आणि ताई त्या आठवड्यात नाईट शिफ्टला गेली नाही, भाचीला घराबाहेर सोडलं नाही.

इकडे आमच्या ग्रामसभेत भाड्याच्या खोल्यांतल्या परप्रांतीयांचा विषय निघाला तेव्हा ज्यांचा स्वतःचा मुलगा स्विंडनला आहे तेच काका सगळ्यात मोठ्याने बोलत होते, हे भायले (बाहेरचे) उद्या बॉम्ब ठेवतील म्हणून. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

प्रश्न असा की सरकारने नक्की काय करावं? लंडनला ७ जुलै २००५ ला ५२ माणसं मेली, चार हल्लेखोरांतले तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले, एक तर प्राथमिक शाळेत मुलांना मदत करायच्या नोकरीत होता. त्यांना विमानतळावर कोण अडवणार होतं?

फोंडेकर:
भाऊ, तुमच्या ताईचं वाईट वाटलं पण तुम्ही अर्धीच बाजू मांडताय. २०१५ च्या नोव्हेंबरात पॅरिसला १३० लोक मारले, त्यातले बरेच हल्लेखोर फ्रान्स-बेल्जियमचे नागरिक होते हे बरोबर, पण स्टेडियमबाहेर स्वतःला उडवलेले दोघे खोट्या सीरियन पासपोर्टवर ग्रीसच्या लेरोस बेटावरून निर्वासितांच्या गर्दीत घुसून आले होते. बर्लिनचं बघा, २०१६ च्या डिसेंबरात ख्रिसमस बाजारात ट्रक घातला, १२ ठार. तो ट्युनिशियाचा माणूस आधी इटलीत जेल भोगून आलेला, जर्मनीने त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला होता, वेगवेगळ्या नावांनी नोंदी होत्या, पण ट्युनिशियाकडून कागद वेळेत आले नाहीत म्हणून परत पाठवता आलं नाही. म्हणजे सरकारला माणूस माहीत होता, धोका माहीत होता, आणि तो मोकळा फिरत होता. कोण येतो त्याची नोंद ठेवणं आणि ज्याला राहायचा हक्क नाही त्याला परत पाठवणं हे सरकारचं पहिलं काम आहे, ते केलं नाही तर सामान्य माणसाचा विश्वास उडतो आणि मग तो राग तुमच्या ताईसारख्यांवर निघतो.

मडगावची वकील:
फोंडेकर, बर्लिनबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, तो प्रशासनाचा ढळढळीत घोळ होता. पण त्यावरून "स्थलांतरित म्हणजे संशयित" इथे उडी मारली की काय होतं ते जर्मनीनेच दाखवलंय. २००० ते २००७ मध्ये निओ-नाझी टोळीने दहा खून केले, त्यातले नऊ स्थलांतरित कुटुंबांतले छोटे दुकानदार, कामगार असे लोक. आणि पोलीस इतकी वर्षं काय करत होते, तर मेलेल्यांच्याच घरच्यांना ड्रग्जचा धंदा होता का, माफियाशी भांडण होतं का विचारत होते. बायको-मुलांनी खांदा देऊन यायचं आणि चौकीत बसून उत्तरं द्यायची. २०११ ला खरे खुनी उघडे पडले ते सुद्धा त्यांनी बँक लुटली म्हणून.

ब्रिटनचा अनुभव अजून जुना. १९७४ ला बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्ब, २१ ठार, सहा आयरिश माणसं उचलली, जन्मठेप दिली, १९९१ मध्ये कळलं की निर्दोष आहेत. सोळा वर्षं गेली त्यांची आणि खरे बॉम्ब ठेवणारे राहिले बाहेर.

नॉर्वेत २०११ ला ७७ जणांना मारणारा अस्सल नॉर्वेजियन होता. आणि लांब कशाला, २००९ ला दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या मडगावात नरकासुर बघायला गर्दी होती तेव्हा स्कूटरवर स्फोट झाला, स्फोटकं नेणारे दोघे त्यातच मेले. त्यातला एक आपल्या गोव्यातलाच होता. नंतर खटला चालला आणि पकडलेले आरोपी २०१३ मध्ये निर्दोष सुटले. त्या रात्री माझे दोन्ही भाऊ त्या गर्दीत होते. खोलीवाल्या बिहारी पोरांचे भाडेकरू पडताळणीचे फॉर्म भरून तो स्फोट अडला असता का, हे ग्रामसभेतल्या काकांना विचारा.

रिटायर्ड हवालदार:
मी गोवा पोलिसात नोकरी केली, आता घरी असतो म्हणून सविस्तर लिहितो. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मी खूप बघितलाय. घरमालक फोटो चिकटवतो, आधारची झेरॉक्स जोडतो, शिक्का मारून घेतो आणि निर्धास्त होतो. मूळ गावच्या ठाण्याकडून माहिती मागवायची असते पण एका हवालदाराकडे समन्स, बंदोबस्त, अपघात सगळंच असतं, गठ्ठा तसाच कपाटात जातो. आणि एका खोलीत आठ जण राहत असले तर फॉर्म दोघांचा असतो, बाकीचे कंत्राटदार दर महिन्याला बदलतो. फॉर्म नको असं मी म्हणत नाही, चोरी-खुनात त्याचा उपयोग होतो, पण दहशतवाद त्याने सापडत नाही.

सापडतो तो माणसांकडून. मुलगा रात्रभर मोबाईलवर असतो, जुने मित्र तोडले, घरच्यांशी वेगळंच काहीतरी बोलायला लागला, हे आधी आईला कळतं, मग रूमपार्टनरला, मग मशिदीतल्या किंवा देवळातल्या म्हाताऱ्यांना. आता ती आई पोलिसात येईल का? तिला वाटलं की सांगितलं तर पोराला उचलून नेतील, तर ती मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. महाराष्ट्रात २०१४ ला कल्याणची चार पोरं इसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेली, त्यानंतर तिथल्या एटीएसने घरच्यांना आणि मौलवींना सोबत घेऊन पोरांना समजावून परत आणायचं काम सुरू केलं. नेहमीच्या पोलिसी कामापेक्षा ते अवघड असतं कारण त्यात अटक दाखवता येत नाही.

डिचोलीकर:
धन्यवाद काका. म्हणजे ब्रिटनची ती "प्रिव्हेंट" योजना, दहशतवादाकडे झुकणाऱ्यांना वेळीच अडवायची, ती हीच ना? पण साऊथपोर्टवाल्या मुलाची नावनिशी तीनदा तिथे गेली होती असं बाहेर आलं. मग ते का नाही चाललं?

मडगावची वकील:
तीनदा नाव गेलं, तीनदा फाईल बंद झाली, कारण त्याची ठराविक अशी कुठली विचारसरणी दिसेना. तो मारामाऱ्यांच्या, हत्याकांडांच्या वेडाने झपाटलेला होता, पण ठरलेल्या साच्यात बसत नव्हता म्हणून सोडला. आणि दुसरीकडे २०१५ च्या कायद्याने शाळा-दवाखान्यांवर कोणी दहशतवादाकडे ओढला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं बंधन घातलं, त्यामुळे तिथल्या मुस्लिम पालकांना वाटायला लागलं की शिक्षक आपल्या पोरांवर पाळत ठेवतात. म्हणजे लक्ष ठेवायची सक्ती केली पण साच्यात न बसणाऱ्या अशा मुलाजवळ बसणारं कोणी राहिलं नाही.

डेन्मार्कच्या ऑरहूस शहरात उलट केलं. सीरियाला जायच्या मार्गावरच्या किंवा परत आलेल्या पोराला, गुन्हा सिद्ध होत नसेल तर, एक मेंटॉर द्यायचा, शाळा-नोकरीचं मार्गी लावायचं, पोलीस आणि नगरपालिका एकाच टेबलावर. ज्या मशिदीतून बरीच मुलं गेली तिच्याशीही बोलणं तोडलं नाही. तिथे लोकांनी टीका खूप केली, अतिरेक्यांना कुरवाळता म्हणून, पण २०१४ पासून जाणाऱ्यांचा आकडा एकदम खाली आला. गुन्हा असेल तिथे खटला चालतोच, तो टळत नाही.

नागरिकत्व काढून घ्यायचा मार्ग मात्र मला साफ चुकीचा वाटतो. शमीमा बेगम लंडनमध्ये जन्मली, वाढली, १५ व्या वर्षी सीरियाला गेली, २०१९ ला ब्रिटनने हात झटकले. चौकशी लंडनच्या कोर्टात व्हायला हवी होती, पण शमीमा पुढे सीरियातल्या छावणीतच अडकून राहिली. डिचोलीकर, लक्षात घ्या, जन्माने ब्रिटिश असलेल्या माणसाचं नागरिकत्व दुसरं नागरिकत्व असेल तरच काढता येतं. म्हणजे हा नियम दोन देशांशी नातं असलेल्या तुमच्या भाचीसारख्या मुलांनाच लागू शकतो, ज्याला फक्त ब्रिटिश नागरिकत्व आहे अशा शेजारच्या मुलाला नाही.

फोंडेकर:
वकीलबाई, तो मुद्दा मी मान्य करतो, आपल्या देशात वाढलेला गुन्हेगार आपणच सांभाळायचा. पण अर्ज फेटाळलेल्याला परत पाठवण्यात ढिलाई नको यावर मी ठाम आहे, आणि इथे गोव्यातही कंत्राटदाराला सोडून फक्त घरमालकाला दंड करतात ते बंद झालं पाहिजे.

रिटायर्ड हवालदार:
कंत्राटदाराचं अगदी बरोबर. डिचोलीकर, पुढच्या ग्रामसभेत विषय येईल तेव्हा ठरावात एवढं घाला की कामगारांची यादी कंत्राटदाराने दर महिन्याला पंचायतीत द्यायची, आणि बीटच्या हवालदाराने महिन्यातून एकदा तरी खोल्यांवर जाऊन पोरांशी बोलायचं, नुसता फॉर्म घेऊन नाही. पगार थकला, मारहाण झाली तरी तोच हवालदार त्यांना ओळखीचा असला पाहिजे. मसुदा हवा तर मी लिहून देतो, रविवारच्या आत सांगा.