मदत हवी आहे: कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलसाठी उर्दूतलं संमतीपत्र

नमस्कार. मी हर्णैजवळच्या गावात आशाताई आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाभींना स्तनाचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, येण्याबद्दल विचारलंय. हातात संमतीपत्र दिलं, ते छापील मराठीत. भाभी शिकल्या उर्दू शाळेत, घरी कोकणी बोलतात. परवा ओट्यावर बसून मी वाचून दाखवत होते. 'यादृच्छिक' शब्दापाशी मीच अडले. त्यांनी हळूच विचारलं, "आमच्यावर प्रयोग करनार काय?" काय उत्तर देणार? चिठ्ठी टाकल्यासारखं कोणाला कुठलं औषध हे ठरतं, एवढंच सांगता आलं.

2019 च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि रुग्णाला कधीही बाहेर पडता येतं. पण उर्दूतलं पत्र मागायचं कोणाकडे? डॉक्टरांकडे की एथिक्स कमिटीकडे (ट्रायलमधल्या रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती)? उर्दू पत्र कोणी मिळवलंय का?

दुसरी अडचण खर्चाची. दर तीन आठवड्यांनी परळला जायचं. जून-जुलैत मासेमारी बंद, घरात पैसा नसतो. एसटीभाडं, राहणं ट्रायलकडून मिळतं का? मधल्या रक्ततपासण्या दापोलीत चालतील का?

आणि ट्रायलमधून गेलेली एखादी कोकणी मुस्लिम बाई भाभींशी फोनवर बोलेल का? माझ्या दहा वाक्यांपेक्षा तिचं एक त्यांना पटेल. आमच्या कातकरी वाडीतही उद्या हाच प्रश्न येणार आहे. पुढची तारीख सोमवारची आहे, लवकर कळवा.